घसरलेला हंगाम आणि घाईचे उपचार

अमेरिकेत ऑगस्टअखेरपासून नोव्हेंबरअखेरपर्यंत जवळजवळ प्रत्येक शनिवारी महाविद्यालयीन फुटबॉलचे सामने रंगतात. हा आपल्या कोल्हापुरात किंवा गोव्यात जीव टाकून खेळला जाणारा फुटबॉल नव्हे. डोक्यावर हेल्मेट, खांद्यावर जाड पॅड, हातात लंबगोल चेंडू आणि समोरच्यावर सर्व ताकदीनिशी आदळणे, असा हा अमेरिकी खेळ आहे. खेळणारी मुले बहुतेक १८ ते २३ वयाची. प्रत्येक संघाच्या वाट्याला साधारण १२ सामने येतात आणि त्यातले सहा जिंकले की हंगामानंतरच्या ‘बोल’ सामन्यासाठी संघ पात्र ठरतो. फ्लोरिडा विद्यापीठाच्या गेन्सव्हिल येथील मैदानात ८८ हजारांहून अधिक प्रेक्षक बसतात, म्हणजे आपल्या वानखेडेच्या अडीचपटीहून जास्त. ‘महाविद्यालयीन’ या शब्दावरून गॅदरिंगमधल्या सामन्यांचे चित्र डोळ्यांसमोर येत असेल, तर ते पुसून टाकायला हवे. प्रशिक्षकांचे करार कोट्यवधी डॉलरांचे असतात आणि एका शनिवारच्या पराभवाने त्यांची नोकरी धोक्यात येते.

दर ऑक्टोबरमध्ये तिथे काही संघांबाबत एकच प्रश्न चर्चेत असतो. सुरुवात वाईट झाली, आता हंगाम सावरेल का? आरोग्याच्या सदरात हा प्रश्न कशासाठी, असे वाचक विचारतील. कारण त्याची रचना वैद्यकातल्या सर्वांत जुन्या प्रश्नासारखी आहे. रुग्णाची अवस्था वाईट होती, उपचार केला, रुग्ण सुधारला. मग तो उपचाराने सुधारला का? आणि दुसरे, अधिक गंभीर कारण असे की हंगाम सावरण्याच्या घाईत जे उपचार केले जातात, ते विशीतल्या मुलांच्या शरीरावर होतात.

फ्लोरिडाचाच २०२४ चा हंगाम उदाहरणादाखल घेऊ. ३१ ऑगस्टला घरच्या मैदानावर मायामीने या संघाला ४१-१७ असे लोळवले. क्वार्टरबॅक, म्हणजे आक्रमणाची सूत्रे ज्याच्या हाती असतात तो खेळाडू, ग्रॅहम मर्ट्झ याच्या डोक्याला धक्का बसला आणि पुढच्या सामन्याला तो मुकला. तो परतला, पण १२ ऑक्टोबरला टेनेसीविरुद्ध त्याच्या गुडघ्याचा एसीएल हा अस्थिबंध फाटला आणि त्याचा हंगाम संपला. मग पहिल्याच वर्षाला असलेल्या डीजे लॅगवे या मुलाकडे सूत्रे गेली. २ नोव्हेंबरला बलाढ्य जॉर्जियाविरुद्ध फ्लोरिडा १०-३ ने पुढे असताना लॅगवेच्या मांडीचा मागचा स्नायू, हॅमस्ट्रिंग, दुखावला. तो सामना हातचा गेला. पुढच्या शनिवारी त्याच्याविना खेळलेल्या संघाला टेक्सासने ४९-१७ असे हरवले. चार विजय, पाच पराभव. मुख्य प्रशिक्षक बिली नेपियर यांना काढा, असा घोषा वर्षभर सुरूच होता. विद्यापीठाने मात्र टेक्सासच्या सामन्याआधीच, नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात, ते पुढेही राहतील असे जाहीर केले होते.

त्यानंतर संघ एकदाही हरला नाही. लॅगवे परतला आणि लुईझियाना स्टेट २७-१६, नवव्या क्रमांकावरचा मिसिसिपी (‘ओल मिस’) २४-१७, फ्लोरिडा स्टेट ३१-११ आणि बोल सामन्यात टुलेन ३३-८ असे चारही विजय मिळाले. आठ विजय, पाच पराभव. हंगाम सावरला. ज्या प्रशिक्षकाला काढायचे होते, त्याच्या संयमाचे कौतुक सुरू झाले.

आता एक डॉक्टर म्हणून या ‘केस’कडे पाहू.

आपोआप येणारी सुधारणा

ओपीडीत पहिल्यांदा रक्तदाब मोजला आणि तो बराच जास्त आला, तर आम्ही लगेच गोळी लिहून देत नाही. रुग्णाला बसवतो, पुन्हा मोजतो, काही दिवसांनी पुन्हा बोलावतो. दुसऱ्या-तिसऱ्या वेळी आकडा बहुधा खाली आलेला असतो. त्यात भीती कमी झाल्याचा भाग असतो, तसाच निव्वळ गणिताचाही असतो. कोणत्याही बदलत्या गोष्टीचे अतिटोकाचे माप घेतले, तर पुढचे माप सरासरीच्या जवळ येण्याची शक्यता अधिक असते. फ्रान्सिस गाल्टन यांनी १८८६ मध्ये आईवडील आणि मुलांच्या उंचीवरून हे दाखवले. संख्याशास्त्रात याला ‘सरासरीकडे परतणे’ म्हणतात. सर्दी औषधाने सात दिवसांत आणि औषधाविना आठवड्यात बरी होते, ही आपल्याकडची थट्टा याच तत्त्वाची आहे. माणूस डॉक्टरकडे जातो तोच दुखणे शिगेला पोचल्यावर. त्यानंतर काढा द्या, अंगारा लावा किंवा काहीच करू नका, पुष्कळांना बरे वाटणारच.

बारा सामन्यांचा हंगाम हे फार छोटे माप आहे. कल्पना करा, की प्रत्येक सामना म्हणजे नाणेफेक आहे. २०२४ मध्ये वरच्या विभागात १३४ संघ होते. सगळे संघ अगदी समान ताकदीचे असते, तरी पहिले चारही सामने हरण्याची शक्यता १६ त १ येते. म्हणजे निव्वळ योगायोगाने आठ-नऊ संघ पहिले चार सामने हरतील. उरलेल्या आठ सामन्यांत हेच संघ सरासरी चार जिंकतील. शून्य-चारवरून चार-आठ! वृत्तपत्रे लिहितील, की ड्रेसिंग रूममधल्या एका भाषणाने संघ बदलला. प्रत्यक्षात नाणे नाण्यासारखेच पडले.

खरे संघ नाण्यासारखे समान नसतात, हे उघड आहे. पण विजय-पराभवाच्या तक्त्यात योगायोगाचा वाटा आपल्याला वाटतो त्याहून बराच मोठा असतो. लंबगोल चेंडू जमिनीवर पडला की कुठे उसळेल याचा नेम नसतो, आणि तो कोणाच्या हाती लागतो यावर सामने फिरतात.

दुसरा मुद्दा प्रतिस्पर्ध्यांचा. फ्लोरिडाने ज्यांच्याकडून पाच पराभव पत्करले, त्यांपैकी टेनेसी, जॉर्जिया आणि टेक्सास हे तिघेही त्या वर्षी १२ संघांच्या राष्ट्रीय प्लेऑफमध्ये पोचले. शेवटच्या चार विजयांमधला फ्लोरिडा स्टेटचा संघ मात्र त्या वर्षी २-१० असा तळाला गेला होता. सरकारी रुग्णालयात काम करणाऱ्यांना हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही. आसपासच्या दवाखान्यांनी हात टेकल्यावर रात्री दोन वाजता जो रुग्ण आमच्याकडे येतो, त्याच्या मृत्यूची नोंद आमच्या नावावर होते. रुग्ण किती गंभीर अवस्थेत आले हे न पाहता दोन रुग्णालयांचे मृत्युदर शेजारी ठेवणे जितके अन्यायाचे, तितकेच प्रतिस्पर्धी न पाहता दोन संघांचे आकडे शेजारी ठेवणे.

हे तत्त्व उलट्या दिशेनेही चालते. हाच फ्लोरिडा स्टेट आदल्या वर्षी, २०२३ मध्ये, १३-१ होता. शिखरावरच्यांचेही खाली येणे काही अंशी ठरलेलेच असते.

पण सावध राहायला हवे. ‘नशीब फिरेल, थांबा’ हाही एक उपचारच आहे आणि तो नेहमी लागू पडत नाही. नेब्रास्काच्या संघाने २०२१ मध्ये नऊ सामने गमावले आणि ते सगळे दहापेक्षा कमी गुणांच्या फरकाने. एकूण केलेले गुण दिलेल्या गुणांपेक्षा ६३ ने जास्त होते, तरी हंगाम ३-९. गणित सांगत होते, की पुढच्या वर्षी हा संघ उसळी घेईल. पुढच्या वर्षी तिसऱ्याच सामन्यानंतर प्रशिक्षकाला घरी पाठवावे लागले आणि हंगाम ४-८ वर संपला. प्रत्येक ताप विषाणूचा नसतो. काही वेळा आत खरोखर पू झालेला असतो. वाट पाहायची ती डोळे उघडे ठेवून.

डॉक्टर बदलून पाहणे

आपल्याकडे रुग्णाला उतार पडला नाही, की नातेवाईक डॉक्टर बदलतात. तिथे प्रशिक्षक बदलतात. याचा उपयोग होतो का, हे राज्यशास्त्राच्या अभ्यासकांनी तपासले. अ‍ॅडलर, बेरी आणि डोहर्टी यांनी १९९७ ते २०१० या काळातील महाविद्यालयीन संघांची आकडेवारी घेतली. त्यांनी प्रशिक्षक बदललेल्या संघांची तुलना तितक्याच वाईट अवस्थेतल्या, पण प्रशिक्षक न बदललेल्या संघांशी केली. खरी चाचणी हीच. औषध घेणाऱ्यांची तुलना तशाच आजाराच्या, पण औषध न घेणाऱ्यांशी करावी लागते. निष्कर्ष असा निघाला, की अगदी तळाच्या संघांत बदलाचा फारसा परिणाम दिसत नाही, आणि मध्यम कामगिरीच्या संघांत प्रशिक्षक बदलल्यानंतरची कामगिरी न बदललेल्यांपेक्षा खालावते.

कॅलिफोर्नियातील यूसीएलए या विद्यापीठाने सप्टेंबर २०२५ मध्ये पहिले तीन सामने हरल्यावर प्रशिक्षक काढला. चौथा सामनाही गेला. मग ४ ऑक्टोबरला या संघाने सातव्या क्रमांकावरच्या पेन स्टेटला ४२-३७ असे हरवून देशाला चकित केले आणि लागोपाठ तीन सामने जिंकले. हंगामी प्रशिक्षकाच्या जादूच्या कथा लिहून होतात तोच पुढचे पाचही सामने गेले आणि हंगाम ३-९ वर संपला. फ्लोरिडाच्या संयमाचे काय झाले? ज्या नेपियर यांना ठेवल्याचे कौतुक झाले, त्यांना ऑक्टोबर २०२५ मध्ये काढण्यात आले; संघ तो हंगाम ४-८ वर संपवून मोकळा झाला. प्रशिक्षक ठेवल्याने २०२४ सावरले असे म्हणायचे असेल, तर २०२५ कशाने बुडाले तेही सांगावे लागेल. चार सामन्यांच्या पुराव्यावर कोणताच उपचार सिद्ध होत नाही.

एका स्नायूची गोष्ट

मग २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये खरोखर काय बदलले? एक गोष्ट तरी निश्चित सांगता येते. मांडीचा एक स्नायू खेळण्याजोगा झाला. जॉर्जियाविरुद्ध दुखावलेला लॅगवे दोन आठवड्यांनी मैदानात उतरला आणि विजय सुरू झाले.

हॅमस्ट्रिंग हा मांडीच्या मागचा तीन स्नायूंचा गट. जोरात धावताना पाय पुढे फेकला जातो, तेव्हा हा गट ताणला जात असतानाच आकुंचन पावून पायाला आवर घालतो. नेमक्या याच क्षणी त्याचे तंतू फाटतात. दुखणे थांबले म्हणजे स्नायू भरून आला असे नव्हे. वेदना काही दिवसांत जाते, ताकद आणि ताण सोसण्याची क्षमता यायला अधिक वेळ लागतो. म्हणूनच ही दुखापत पुन्हा होण्याचे प्रमाण मोठे असते आणि ती बहुधा परतल्यानंतरच्या पहिल्या काही आठवड्यांतच होते. यावर उपाय आहेत आणि ते स्वस्त आहेत. ‘नॉर्डिक’ नावाचा साधा व्यायाम, ज्यात गुडघ्यांवर उभे राहून घोटे कोणीतरी धरायचे आणि अंग हळूहळू पुढे झुकवायचे, नियमित केल्यास हॅमस्ट्रिंगच्या दुखापती जवळपास निम्म्याने कमी होतात, हे अनेक अभ्यासांच्या एकत्रित विश्लेषणातून दिसले आहे. त्याला यंत्र लागत नाही. एक जोडीदार आणि सातत्य पुरते.

डोक्याच्या धक्क्याचा हिशेब याहून नाजूक. मेंदूला हादरा बसलेल्या खेळाडूला टप्प्याटप्प्यानेच खेळाकडे परत न्यायचे असते. प्रत्येक टप्प्याला किमान एक दिवस आणि लक्षणे परतली की पाऊल मागे. पहिला धक्का भरून येण्याआधी दुसरा बसला तर मेंदूला अचानक सूज येऊन तरुण मुलगा दगावू शकतो. ही घटना दुर्मीळ आहे, पण ती बहुधा तरुणांतच होते. शिवाय अशा धक्क्यानंतर परतलेल्या महाविद्यालयीन खेळाडूंमध्ये पुढचे काही महिने पायांच्या दुखापतीही वाढलेल्या दिसतात. प्रतिक्षिप्त हालचाल किंचित मंदावलेली असते. खेळाडूला ते जाणवत नाही, गुडघ्याला मात्र त्याची किंमत मोजावी लागते.

म्हणून घसरलेला हंगाम सावरेल का, या प्रश्नाचे पहिले उत्तर संघाच्या दवाखान्यात शोधावे लागते. किती जण जखमी आहेत, त्यांतले किती खरोखर बरे होऊन परतणार आहेत आणि किती जणांना ढकलून परत आणले जाणार आहे? यातला शेवटचा आकडा जितका मोठा, तितकी नोव्हेंबरची आशा कमी.

घामाचे कर्मकांड

हरणाऱ्या संघाबद्दल सर्वांत लोकप्रिय निदान असते: ‘पोरे सुस्तावली आहेत.’ आणि उपचार असतो: ‘घाम गाळायला लावा.’ हे निदान जितके जुने, तितकेच धोक्याचे.

बेअर ब्रायंट हे या खेळातले दंतकथा झालेले प्रशिक्षक. १९५४ मध्ये टेक्सास ए अँड एमचा संघ हाती घेताच त्यांनी मुलांना जंक्शन नावाच्या गावी नेले. दुष्काळी उन्हाळा होता. दहा दिवस सराव चालला आणि पाणी प्यायची सोय नव्हती, कारण पाणी मागणे हा दुबळेपणा मानला जाई. निम्म्याहून अधिक मुले सोडून गेली. एक मुलगा उष्माघाताने मरता मरता वाचला. १९५६ मध्ये हा संघ एकही सामना न हरता विभागीय विजेता झाला, आणि जंक्शनच्या तपश्चर्येचे ते फळ, अशी कथा रूढ झाली. त्या कथेत एक आकडा बहुधा गाळला जातो. जंक्शननंतर लगेच खेळलेला १९५४ चा हंगाम १-९ असा गेला होता.

अलीकडचे उदाहरण ओरेगनचे. २०१६ मध्ये हा संघ ४-८ वर घसरला. नवा प्रशिक्षक आला आणि जानेवारी २०१७ मध्ये सुट्टीवरून परतलेल्या मुलांकडून पहिल्याच आठवड्यात इतका कठोर व्यायाम करून घेतला गेला, की तिघांना रुग्णालयात ठेवावे लागले. किमान एकाला ‘रॅब्डोमायोलिसिस’ झाल्याचे निदान झाले. यात अतिश्रमाने स्नायूंच्या पेशी फुटतात, त्यांतले मायोग्लोबिन रक्तात उतरते, लघवी काळ्या चहासारखी होते आणि मूत्रपिंडे बंद पडू शकतात. व्यायाम घेणाऱ्या प्रशिक्षकाला महिनाभर बिनपगारी निलंबित केले गेले. तो हंगाम ७-६ असा मध्यमच गेला आणि मुख्य प्रशिक्षक वर्षभरातच दुसऱ्या विद्यापीठात निघून गेला.

मेरिलँडचा संघही २०१७ मध्ये ४-८ असाच घसरलेला होता. २९ मे २०१८ रोजी सरावात १९ वर्षांचा जॉर्डन मॅकनेर धावता धावता कोसळला. त्याला उष्माघात झाला होता. १३ जूनला तो गेला. त्याला वेळेवर बर्फाच्या पाण्यात बुडवून थंड करण्यात आले नव्हते, हे पुढे विद्यापीठाने मान्य केले. प्रशिक्षकाला ऑक्टोबरअखेर काढण्यात आले. यातली चीड आणणारी बाब अशी, की श्रमाने होणाऱ्या उष्माघातावरचा उपाय ठाऊक आहे आणि तो जवळपास हमखास आहे. शरीराचे आतले तापमान ४० अंशांच्या वर गेले आणि मुलगा बरळू लागला, की त्याला अर्ध्या तासाच्या आत थंड पाण्यात बुडवायचे; आधी थंड करायचे, मग रुग्णालयात हलवायचे. मॅसॅच्युसेट्समधील फालमथ येथील वार्षिक शर्यतीत १८ वर्षांच्या नोंदींत अशा २७४ रुग्णांना बर्फाच्या पाण्यात थंड केले गेले. सगळे वाचले.

नियमांची उणीव म्हणावी तर तशीही नव्हती. पाच बड्या विभागांच्या विद्यापीठांनी २०१६ मध्येच ठरवले होते, की खेळाडूच्या तब्येतीबाबत अंतिम शब्द वैद्यकीय पथकाचा असेल, प्रशिक्षकाचा नाही. मेरिलँड त्याच विभागांपैकी एकात होते. कागदावरचा अधिकार मैदानावर वापरता येतो का, हे त्या डॉक्टरची नोकरी कोणाच्या हाती आहे यावर ठरते. एनसीएए या राष्ट्रीय संघटनेने २०१९ मध्ये आणखी एक साधी गोष्ट लेखी सांगितली: व्यायाम ही शिक्षा म्हणून देऊ नये.

विदर्भ आणि खानदेशातल्या वाचकांसाठी याच मालिकेतली एक घटना महत्त्वाची. सप्टेंबर २००६ मध्ये राइस विद्यापीठाचा १९ वर्षांचा डेल लॉइड १०० यार्डांच्या १६ धावा काढताना कोसळला आणि दुसऱ्या दिवशी गेला. तो सिकलसेलचा वाहक होता; त्याला स्वतःला कधी आजार नव्हता. त्यानंतर २०१० पासून वरच्या विभागातील खेळाडूंची सिकलसेल तपासणी सुरू झाली. तपासणीचा अर्थ मात्र नीट समजून घ्यायला हवा. अमेरिकी लष्करातील सुमारे ४८ हजार कृष्णवर्णीय सैनिकांच्या अभ्यासात वाहकांचा मृत्युदर इतरांपेक्षा जास्त आढळला नाही. रॅब्डोमायोलिसिसचा धोका मात्र सुमारे दीडपट होता. लष्करात सगळ्यांनाच पाणी, विश्रांती आणि उन्हाची सवय होण्यास अवधी दिला जातो. म्हणजे वाहकाला मैदानाबाहेर काढायची गरज नाही; मैदान सगळ्यांसाठी माणुसकीचे करायची गरज आहे. गडचिरोली आणि नंदुरबारच्या आश्रमशाळांतून धावपटू तयार होतात. तिथल्या क्रीडाशिक्षकांना हे ठाऊक असायलाच हवे.

मीठ, साखर आणि पाणी

शरीरशास्त्राने हंगाम सावरल्याचे उदाहरण आहे का? आहे, आणि ते याच फ्लोरिडा विद्यापीठातले आहे. १९६५ मध्ये तिथल्या एका सहायक प्रशिक्षकाने वैद्यकीय महाविद्यालयातील मूत्रपिंडतज्ज्ञ डॉ. रॉबर्ट केड यांना विचारले, की सामन्यात आमच्या मुलांना लघवीला का होत नाही? उत्तर साधे होते. सगळे पाणी घामावाटे जात होते, त्याबरोबर मीठही, आणि रक्तातली साखर उतरत होती. केड यांनी पाणी, मीठ, साखर आणि चवीला लिंबाचा रस असे पेय बनवले. संघाच्या ‘गेटर्स’ या नावावरून त्याचे नाव पडले गेटोरेड. आपल्या जलसंजीवनीशी त्याचे जवळचे नाते आहे. आतड्यात साखर आणि सोडियम हातात हात घालून शोषले जातात आणि त्यांच्यामागून पाणी येते. याच तत्त्वावर १९७१ मध्ये बनगावच्या निर्वासित छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी कॉलराच्या रुग्णांचे प्राण वाचवले.

१९६५ मध्ये ७-४ असलेला फ्लोरिडा १९६६ मध्ये ९-२ झाला आणि जानेवारी १९६७ मध्ये प्रथमच ऑरेंज बोल जिंकला. श्रेय पेयाला मिळाले. पण त्याच १९६६ मध्ये संघाचा क्वार्टरबॅक स्टीव्ह स्परियर याने देशातल्या सर्वोत्तम महाविद्यालयीन खेळाडूचा हाइझमन पुरस्कार पटकावला होता. पेयाने किती आणि स्परियरने किती, हे कोणी वेगळे करून दाखवू शकत नाही. मात्र एक फरक लक्षात घ्यावा. हा उपाय चुकला असता तरी कोणाचे नुकसान झाले नसते; उलट मुलांना उन्हात पाणी मिळाले असते. उपचार निवडताना आम्ही हेच पाहतो. फायद्याची खात्री नसेल, तर निदान अपाय होणार नाही याची तरी असावी.

तर घसरलेला हंगाम सावरू शकतो का? हो, आणि पुष्कळदा तो काही प्रमाणात आपोआप सावरतो. सामने थोड्या फरकाने हरले असतील, पुढचे प्रतिस्पर्धी सोपे असतील आणि जखमी खेळाडू खरोखर बरे होऊन परतत असतील, तर आशेला आधार आहे. सामने मोठ्या फरकाने हरले असतील आणि दवाखाना भरलेला असेल, तर भाषणांनी आणि हकालपट्टीने फार काही बदलणार नाही. पुरेशी झोप, हळूहळू वाढवलेला व्यायाम, उन्हाची सवय होण्यासाठी दहा-चौदा दिवस, मैदानाशेजारी बर्फाच्या पाण्याचे टाके आणि ‘आज हा खेळणार नाही’ असे म्हणण्याचा अबाधित अधिकार असलेला डॉक्टर, या गोष्टी कंटाळवाण्या आहेत. त्यांच्यावर चित्रपट निघत नाहीत. पण अशा संघाच्या हातात नोव्हेंबरमध्ये खेळायला मुले शिल्लक राहतात, आणि सरासरीला परतण्यासाठी आधी शिल्लक राहावे लागते.

हे सगळे दूरदेशीचे म्हणून सोडून देता येणार नाही. जून २०१४ मध्ये मुंबईत पोलीस भरतीच्या ५ किलोमीटर धावण्याच्या चाचणीत उमेदवार दगावले, त्यानंतर अंतर कमी करण्यात आले. आजही गावोगावची मुले भरतीची तारीख लागली की शेवटच्या महिन्यात एकदम दुप्पट धावू लागतात. दुपारी, रिकाम्या पोटी, ‘पाणी प्यायलं की दम लागतो’ असे कोणीतरी सांगितले म्हणून पाण्याविना. आंतरमहाविद्यालयीन कबड्डीत उपांत्य फेरीआधी सुजलेल्या गुडघ्यावर इंजेक्शन मागायला येणारा मुलगाही तोच प्रश्न घेऊन आलेला असतो: डॉक्टर, एवढा सामना निघेल ना?

प्रत्येक जिल्हा क्रीडासंकुलात आणि प्रत्येक भरतीच्या मैदानावर सावली, पाणी, बर्फ आणि खेळाडूला थांबवण्याचा अधिकार असलेला एक प्रशिक्षित माणूस ठेवायला फार पैसा लागत नाही. क्रीडा आणि गृह खात्याने ही चार कलमे सक्तीची करावीत, आणि पालकांनी मुलाला मैदानावर पाठवताना ती आहेत का, हे विचारावे. हंगाम पुढच्या वर्षी पुन्हा येतो. एकोणीस वर्षांच्या मुलाच्या मूत्रपिंडाला आणि मेंदूला पुढचा हंगाम नसतो.